घोडा कधीतरीच उसळ्या मारतो, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

आमच्या तबेल्यात (म्हशींच्या नाही, घोड्यांच्या, मुंबईत हे दर वेळी सांगावं लागतं) सोन्या नावाचा एक घोडा आहे. रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), वय ११, रंग तांबूस आणि स्वभाव एकदम गरीब. मी आणि अजून दोघं मिळून त्याचा खर्च उचलतो. तर हा गरीब प्राणी मागच्या पावसाळ्यात अचानक उसळायला लागला. रोज नाही हां, आठ-दहा रपेटींत एखाद्या वेळी, पण जेव्हा करायचा तेव्हा डोकं खाली, पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय हवेत. मी दोनदा पडले, एकदा खांद्यावर.

मग काय, सगळे डॉक्टर झाले. कोणी म्हणे मस्ती चढलीय, दाणा तोडा. कोणी म्हणे दोन ठेवून द्या, सरळ येतो. आणि एक वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी, "दुखत असतं तर रोजच केलं असतं ना, कधीतरीच करतो म्हणजे नाटक करतो." हेच वाक्य सगळ्यात फसवं. ज्याची कंबर धरलेली असते तो माणूस दिवसभर ओरडत बसत नाही, लोकलमध्ये चढताना पाय उंच टाकला की त्याच क्षणाला ओरडतो. घोड्याचंही तसंच. तो "कधीतरीच" करतो ना, मग ते कधी, हे शोधणं म्हणजेच निम्मं काम. खाली जे लिहिलंय ते आम्ही सोन्यासाठी केलं त्यावरून आणि आमच्या डॉक्टरांनी, नालबंदाने आणि सईस (घोड्याची देखभाल करणारे) चाचांनी जे शिकवलं त्यावरून. माझ्या स्वतःच्या चुकाही त्यात आहेत.

सगळ्यात आधी, पडू नका

कारण सापडेपर्यंत कँटर (दुडकीच्या पुढची, जास्त वेगाची चाल) बंद, जंपिंग बंद, लहान मुलांना त्याच्यावर बसवणं तर पूर्ण बंद. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला पाहिजे, लटकवलेला नाही, आणि असेल तर बॉडी प्रोटेक्टर. एकटं जायचं नाही. उसळी आलीच तर पुढे वाकू नका, तसं केलं की घोडा तुम्हाला अलगद मानेवरून उतरवून देतो. खांदे मागे, टाचा खाली, एका हाताने त्याचं डोकं वर आणा आणि पुढे चालवा, कारण डोकं वर असलं आणि पाय पुढे पडत असले की मोठी उसळी मारायला त्याला जमत नाही. हे झालं जीव वाचवण्यापुरतं, याने कारण सापडत नाही.

उसळी म्हणजे नक्की काय, ते नीट बघा

आपण सगळ्यालाच "बकिंग" म्हणून मोकळे होतो. सईस लोकांकडे शब्द जास्त चांगले आहेत, पुढचे पाय उचलून उभा राहिला तर ते म्हणतात "अलफ हो गया", मागून उडवलं तर "पुश्तक मारी". दोन्हीची कारणं बऱ्याचदा वेगळी, म्हणून कोणी सांगितलं की घोड्याने बकिंग केलं तर आधी विचारायचं, केलं म्हणजे काय केलं?

पाठीत कुबड काढून पहिली पाच मिनिटं ताठ चालतो आणि मग सुटतो, अशा घोड्याला कोल्ड बॅक म्हणतात, तिथे पाठ, सॅडल आणि तंग (सॅडलचा पोटाखालून आवळायचा पट्टा) आधी बघायचं. तुम्ही टाच लावली आणि एकच मागचा पाय पोटाच्या दिशेने झाडला, तर पोट किंवा तंगाची जागा. कँटर मागितला की त्याच क्षणी उसळी आणि तीही एकाच बाजूच्या कँटरला, तर मागचा पाय, कंबर किंवा सॅडल एका बाजूला सरकतंय का हे बघा. उडी मारून उतरल्यावर करतो तर पुढचे खूर आणि पाठ. आणि शेपटी वर, नाक फुरफुरतंय, मैदानावर वारा सुटलाय आणि साहेब हरणासारखे उड्या मारतायत, कान पुढे, तर बहुतेक खरंच अंगात आलंय. बहुतेक म्हणतेय, शंभर टक्के नाही.

हे सगळं बसलेल्या माणसाला दिसत नाही कारण तो तेव्हा आयाळ धरण्यात बिझी असतो. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ, बाजूने आणि मागून, जमलं तर स्लो मोशनमध्ये. आमचा पहिला उपयोगी व्हिडिओ चाचांच्या पुतण्याने काढला होता, त्यात अर्धा वेळ त्याचा अंगठा दिसतो, पण उसळीच्या आधी सोन्याने दोनदा शेपूट फटकारली आणि कान मागे पाडले हे त्यातच पहिल्यांदा दिसलं. मला वर बसून वाटत होतं की "अचानक" केलं. अचानक काही नव्हतं.

वही

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण हे फुकट आहे आणि कोणीच करत नाही.

साधी शंभर पानी वही तबेल्यात टांगून ठेवा, किमान चार आठवडे. जो कोणी घोड्यावर बसेल त्याने खाली उतरल्यावर चहाच्या आधी लिहायचं. तारीख, वेळ, कोण बसलं, कुठलं सॅडल, खाली कुठलं पॅड, आदल्या दिवशी काम झालं होतं की सुट्टी, दाणा किती आणि कधी, जमीन कशी होती, कुठल्या हाताला (डावीकडे वळत होता की उजवीकडे), कुठल्या चालीत, रिंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात, आणि उसळीच्या आधीच्या पाच सेकंदांत तुम्ही काय केलं. नाल शेवटची कधी मारली ते पहिल्या पानावर. घोडी असेल तर माजाचे दिवस.

आणि आता महत्त्वाचं, ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशीही हे सगळं लिहायचं. आम्ही पहिले दोन आठवडे फक्त उसळीचे दिवस लिहिले आणि छाती ठोकून ठरवलं की हा मंगळवारी उसळतो, सोमवारी तबेल्याला सुट्टी असते ना. नंतर हिशोब केला तर लक्षात आलं की मंगळवारी आम्ही तिघंही बसतो, म्हणजे मंगळवारच्या रपेटीच जास्त. शांत मंगळवार आम्ही मोजलेच नव्हते. शांत दिवस लिहिल्याशिवाय उसळीच्या दिवसाला काही अर्थ नाही.

ज्यांना लिहायचा कंटाळा येतो (म्हणजे सगळ्यांनाच) त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकावी, एकाने रविवारी बसून वहीत उतरवावं. सईसला या ग्रुपमध्ये घ्याच. तो घोड्यासोबत दिवसभर असतो, आपण एक तास. तंग आवळताना घोडा कधी दात दाखवतो, रात्री किती गवत सोडलं, लीद पातळ आहे का, हे त्याला माहीत असतं पण कोणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

हाताने तपासणी, सॅडल न चढवता

आठवड्यातून दोनदा, खरारा करताना. बोटांच्या पेरांनी विदर्सपासून, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापासून, कंबरेपर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबत जायचं. जोर किती, तर पिकलेला आंबा बघतो तेवढा, आधी तेवढाच. घोडा दचकला, पाठ खाली गेली, कातडी थरथरली, कान मागे गेले, तर ती जागा वहीत लिहा. एकदा झालं तर सोडून द्या, माशी असेल. तीन वेळा त्याच जागी झालं तर ती माशी नाही.

मग तंगाची जागा, कोपरामागची कातडी. मुंबईच्या दमट हवेत इथे खाज, फोड, बुरशी, केस जाणं हे जून ते सप्टेंबर चालूच असतं, पाठीवरही पावसात खपल्या धरतात, ओल्या कातडीवर तंग आवळला की कोणीही लाथ मारेल. पांढरे केसांचे ठिपके विदर्सच्या बाजूला दिसले तर तिथे कधीतरी सॅडलने जखम केली होती, रेसच्या घोड्यांत हे खूपदा जुनं असतं.

खूर चारही उचलून बघा. पावसाळ्यात खुराच्या तळाचा तो त्रिकोणी रबरासारखा भाग असतो ना, फ्रॉग, तो सडायला लागतो, काळा चिकट पदार्थ आणि असा वास की दुपारचं जेवण जात नाही. रोज साफ, कोरडं भुसकट आणि खोल गेलं असेल तर डॉक्टर. हाताच्या मागच्या बाजूने चारही खूर चाचपून एखादा जास्त गरम आहे का बघा. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलायला हवी, आमच्याकडे नालबंद एकदा गावी गेला तो आठव्या आठवड्यात उगवला. तापमान घेऊन ठेवा, विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४. हे आकडे आजारी नसताना लिहून ठेवले तरच आजारी असताना कामाला येतात.

लंजवर पायरी-पायरीने

लंज म्हणजे लांब दोरी धरून घोड्याला आपल्याभोवती गोलात फिरवणं. एवढ्या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली टेस्ट ही. कल्पना सोपी आहे, घोड्यावर एकेक गोष्ट चढवत जायची आणि कुठल्या पायरीला त्याचं वागणं बदलतं ते बघायचं.

आधी उघडा, नुसत्या लंजिंगच्या दोरीवर, दोन्ही हातांना, चाल, दुडकी, कँटर. पहिल्या पाच मिनिटांतल्या उड्या मोजू नका, त्या पाय मोकळे करण्याच्या. त्यानंतर बघा. दुसऱ्या दिवशी नुसता पट्टा बांधून. मग पॅड आणि सॅडल, तंग सैल. मग तंग नेहमीसारखा. मग रिकिबी खाली सोडून, त्या बाजूला आपटतात तेव्हा काय करतो. मग वर हलका, पक्क्या मांडीचा माणूस, फक्त चालीत. मग दुडकी. कँटर सगळ्यात शेवटी. एका दिवसात दोनपेक्षा जास्त पायऱ्या नको, आणि लहान गोलात घोड्याला गरागरा फिरवत ठेवू नका, सांध्यांची वाट लागते, दहा-पंधरा मिनिटं पुरे.

आता वाचायचं कसं? उघडा असतानाच एका हाताला कँटर तुटतो, मागचे पाय सशासारखे जोडीने पडतात किंवा पुढे एक लीड (कँटरमध्ये ज्या बाजूचा पाय पुढे पडतो ती) आणि मागे दुसरी, तर सॅडलला दोष देऊ नका, पाय आणि कंबर डॉक्टरला दाखवा. सॅडल चढवल्यावर पाऊल आखूड झालं तर सॅडल. तंगानंतर बदललं तर तंग, कातडी किंवा पोट. सगळं छान आणि माणूस बसल्यावर बिघडलं, तर सॅडल माणसाच्या वजनाखाली कसं बसतं ते, नाहीतर माणूस. काम वाढत जातं तसं कमी होतं ते बहुतेक अंगातली मस्ती किंवा आखडलेली पाठ, काम वाढेल तसं वाढतं ते दुखणं. हा शेवटचा नियम आंधळेपणाने लावू नका, सांधे गरम झाल्यावर दुखणं कमी होणारे घोडेही असतात, माणसांच्या गुडघ्यासारखेच.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सॅडल बदललं, दाणा कमी केला, नवीन बिट (लगामाची तोंडातली कडी) लावली आणि ट्रेनरही बदलला, घोडा सुधारला, मग कशाने सुधारला? कोणालाच कळणार नाही आणि दोन महिन्यांनी परत उसळला की परत पहिल्यापासून.

सॅडल, आणि खोगीरभरती नावाचं प्रकरण

आता मी माझ्या चुकीवर येते. सॅडल आधी पॅड न घालता पाठीवर ठेवा. विदर्सच्या वर माणूस बसल्यावरही दोन ते तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मधली नळी मागून बघा, आरपार उजेड दिसला पाहिजे आणि तीन बोटं रुंदी शेवटपर्यंत. सॅडलचा मागचा भाग शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, शेवटची चाचपून तिथून वर बोट न्या, बस तिथपर्यंतच वजन चालतं, त्यामागे आधाराला काही नाही. मग सॅडलखाली हात सरकवा, पुढून मागे. पुढे घट्ट, मध्ये पोकळ, मागे घट्ट असेल तर ते पूल झालंय, चार टोकांवर सगळं वजन. भरणाच्या गाठी झाल्यात का ते उलटं करून दाबून बघा. सॅडलचा आतला सांगाडा तुटलेला असू शकतो, पुढची दोन टोकं हातात धरून हलकेच जवळ-लांब करा, कुरकुर आवाज आला किंवा वाकलं तर ते सॅडल कोणालाच देऊ नका, विकू तर अजिबात नका.

रपेट झाली की पॅड काढून घामाचे डाग बघा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा पॅच म्हणजे एकतर तिथे सॅडल टेकतच नाही किंवा इतकं दाबतंय की घाम येत नाही, कुठलं ते हात घालून कळतं.

आमच्या वहीत पाचव्या आठवड्यात काय निघालं सांगते. सोन्या उसळला त्या सगळ्या दिवशी पॅडच्या रकान्यात "जाड" लिहिलेलं होतं. एकही अपवाद नाही. झालं असं की नेहमीचं पातळ पॅड पावसात वाळायचं नाही (मुंबईत जुलैमध्ये काय वाळतं, घरातले मोजे वाळत नाहीत), म्हणून ज्या दिवशी ते ओलं असेल त्या दिवशी दुसरं जाड नमद्याचं पॅड आणि त्याच्यावर मीच कौतुकाने आणून दिलेलं जेल पॅड, पाठीला मऊ लागावं म्हणून. पावसाळ्यात काम कमी, गवत भरपूर, त्यामुळे घोडा आधीच रुंद झालेला, सॅडल पुढे जेमतेम बसणारं, त्यात हे दोन इंच. घट्ट बुटात जाड मोजे घातले तर बूट मऊ होत नाही, चावतो. मराठीत निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतात, मी ती अक्षरशः केली होती, स्वतःच्या पैशाने.

ऊन पडलं की पातळ पॅड, घोडा शांत. तीन दिवस झड लागली की जाड पॅड, घोडा उसळला. म्हणून "कधीतरीच". आणि आम्ही सगळे त्याच्या दाण्याकडे बघत होतो, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

रिटायर रेसच्या घोड्याचं अंग पहिली एक-दोन वर्षं सतत बदलतं, जानेवारीत बसलेलं सॅडल जूनमध्ये बसेलच असं नाही. दर तीन महिन्यांनी बघा. आणि तंग एका दमात आवळू नका, आधी सैल, दहा पावलं चालवा, एक भोक, परत चालवा, बसायच्या आधी शेवटचं.

दाणा आणि पाऊस

दाणा हे कारण कधीच नसतं असं म्हणत नाहीये. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून आलेल्या घोड्याचा खुराक हा पळण्यासाठीचा असतो, ओट्स, भिजवलेला हरभरा वगैरे, आणि तो खुराक आठवड्यात चार तास दुडकी मारणाऱ्या घोड्याला दिला तर ती ताकद जाणार कुठे. नियम एवढाच, काम थांबलं की त्याच दिवशी दाणा कमी, गवत तेवढंच. झड लागली, रिंगणात चिखल, चार दिवस घोडा बाहेर नाही, आणि चंदी मात्र पूर्ण चालू, हे मुंबईत दर पावसाळ्यात होतं. मोकळं सोडायला जागा नसते हे खरंय, मग निदान दोन वेळा हाताने चालवा.

इथेच एक धोका. सुट्टीनंतर कामाला काढलेला घोडा जर उसळण्याऐवजी ताठ झाला, मागचे पुठ्ठे दगडासारखे, घाम, चालायला नको म्हणतो, लघवी गडद चहासारखी, तर त्याला "चालवून मोकळं" करू नका. उभा करा, डॉक्टरला फोन. स्नायू फुटत असतात तेव्हा, किडनीवर जातं.

पोट आणि तोंड

घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास सुटत असतं, खाल्लं तरी नाही तरी. निसर्गात तो दिवसभर चरतो म्हणून चालून जातं, आपण त्याला संध्याकाळी सहाला गवत टाकतो आणि ते नऊला संपतं. रेसच्या घोड्यांत तर अल्सर निम्म्याहून जास्त घोड्यांत सापडतो. खुणा, तंग आवळताना चिडणं, दाणा अर्धा सोडणं, अंगावर तेज नाही, टाच लावली की शेपूट आणि लाथ. खात्रीने कळतं ते फक्त एंडोस्कोपीने. औषध असतं, ओमेप्राझोल, पण डोस डॉक्टर ठरवणार, ॲसिडिटीसाठी घरात आहे म्हणून स्वतःची गोळी देऊ नका, घोडा साडेचारशे किलोचा असतो. तुमच्या हातात आहे ते करा, गवत दिवसातून जास्त वेळा, आणि रपेटीच्या आधी अर्धा तास थोडं गवत द्या, रिकाम्या पोटी ॲसिड वर उडतं ते कमी होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. "दुखतंय का बघू" म्हणून परस्पर पेनकिलर देऊन बसू नका. एक तर अशा गोळ्यांनी अल्सर वाढतो, आणि दुसरं, गोळीने फरक पडला नाही म्हणजे दुखत नाही असं सिद्ध होत नाही. डॉक्टर ही ट्रायल करतात, पण मोजूनमापून.

दात वर्षातून एकदा तरी, डोकं झटकत असेल किंवा दाणा तोंडातून सांडत असेल तर लवकर. तोंडाच्या दुखण्यात घोडा जास्त करून डोकं उडवतो, पण लगाम ओढल्यावर उसळणारेही पाहिलेत.

घोडी असेल तर

वसंत ते पावसाळा, साधारण २१ दिवसांचं चक्र, त्यातले पाच-सात दिवस माज. वहीत उसळ्या तीन आठवड्यांच्या अंतराने पडतायत का बघा. पडत असतील तर डॉक्टरकडून अंडाशयाची सोनोग्राफी. पण "घोडी आहे, मूडी असणारच" हे म्हणून सोडून देऊ नका, घोडीलाही सॅडल लागतं.

आता आपण स्वतः

हा भाग कोणालाच आवडत नाही, मलाही नाही आवडला. माझा व्हिडिओ बघितल्यावर दिसलं की कँटर मागताना मी टाच लावते आणि त्याच वेळी लगाम घट्ट धरते, कारण आता मला भीती बसली होती. म्हणजे पायाने सांगते जा, हाताने सांगते थांब. मधल्या घोड्याने करायचं काय, तो वर जातो. दुडकीत धपकन बसणं, एका रिकिबीवर जास्त वजन, हे पण. टेस्ट अशी की त्याच सॅडल, त्याच पॅडने, त्याच दिवशी अनुभवी माणूस बसवा. त्याच्याखाली तोच घोडा लोण्यासारखा चालला तर तुम्हाला राग येईल, पण उत्तर मिळेल. वजनाचंही बघा, माणूस अधिक सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास बरं, वीसच्या वर नको.

शिकलेली सवयही असते. उसळलं की माणूस उतरतो, काम संपतं, हे घोड्याला दोन-तीन वेळांत कळतं. पण हे निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर. आपल्याकडे उलटं होतं, सुरुवातच इथून करतात आणि चाबूक काढतात. ज्याची पाठ दुखतेय त्याला मारलं की तो उसळणं थांबवतो असंही कधी कधी होतं, आणि मग एक दिवस बिनसूचना असा उसळतो की हाड मोडतं.

डॉक्टरकडे कधी आणि काय घेऊन

पाठीत त्याच जागी तीनदा दुखलं, लंगडेपणा दिसला, उघड्या लंजवरच गडबड आहे, किंवा चार आठवड्यांच्या वहीतून काहीच निघत नाहीये, यातलं एक जरी असेल तर. घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर बघा, कुत्र्यामांजरांचा कितीही चांगला असला तरी इथे उपयोग नाही. रेसकोर्सच्या आसपास असे डॉक्टर मिळतात, आणि परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल, ज्याला जुनी मुंबई आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणते, ते एकोणिसाव्या शतकापासून आहे, शेजारीच व्हेटर्नरी कॉलेज. तिथे चौकशी केली तरी कोणाकडे जायचं ते कळतं.

वही आणि व्हिडिओ घेऊन जा. "हा कधीकधी बक करतो" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार, त्यांच्यासमोर तो कधीच करत नाही. सांगा की घोडा सरळ कडक जमिनीवर आणि गोलात पळवून बघा, आणि शक्य असेल तर माणूस बसवूनही बघा, कारण काही दुखणी फक्त वजनाखालीच दिसतात. ब्रिटनमधल्या डॉक्टर सू डायसन यांनी २०१८ मध्ये यासाठी २४ वागणुकींची यादी मांडली, कान बराच वेळ मागे, तोंड उघडणं, शेपूट फटकारणं, टक लावून बघणं, चुकीची लीड, पाय ओढणं अशी. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर दुखण्याची शक्यता बरीच. व्हिडिओ थांबवून थांबवून मोजता येतात. आम्ही मोजल्या, जाड पॅडच्या दिवशी नऊ आणि पातळ पॅडच्या दिवशी तीन.

पाठीचा एक्स-रे काढला तर एक लक्षात ठेवा. थरोब्रेडमध्ये मणक्यांची वरची टोकं एकमेकांना टेकलेली, किसिंग स्पाइन्स म्हणतात ते, खूपदा दिसतं, आणि त्यातल्या कित्येक घोड्यांना काही त्रास नसतो. फोटो आणि हाताखालचं दुखणं एकाच जागी जुळतंय का, हे विचारा. सोन्याचा एक्स-रे साफ निघाला, खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना स्नायू दुखत होते, बरोबर सॅडलची पुढची टोकं यायची तिथे.

परत कामाला

कारण काढून टाकलं म्हणजे दुसऱ्या दिवशी उसळणं थांबेल असं समजू नका. सोन्याला तीन आठवडे पाठीवर काही नाही, फक्त हाताने चालवणं आणि रोज दहा मिनिटं मसाज, मग दोन आठवडे पट्टा बांधून लंज, मग सॅडल भरून आणि रुंद करून घेतलेलं, मग चालीत, महिन्याभराने कँटर. त्यानंतरही तो दोनदा उसळला. आम्ही घाबरलो, वही काढली, पॅड पातळच होतं, पाठ दाबली तर काही नाही. दोन्ही वेळा मी कँटर मागितला त्या क्षणी, म्हणजे त्याला वाटलं आता दुखणार. उतरले नाही, रागावले नाही, दुडकीत आणलं, एक गोल, परत मागितला, लगाम सैल सोडून. दिला त्याने.

आता तबेल्यात सोन्याची तीन सारखी पातळ पॅड आहेत, कोपऱ्यावर मार्करने १, २, ३, आणि सईसच्या खोलीतला जुना टेबल फॅन रात्रभर त्यांच्यावर चालू असतो. जेल पॅड चाचांनी मोटरसायकलच्या सीटवर घातलंय. मस्त आहे म्हणतात.